हँक विल्यम्स : गाणं कुणाचं, नाव कुणाचं

(अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलं आहे.)



आज हँक विल्यम्सवर बोलायचं ठरलंय हे कळल्यावर एका दोस्तानं मला जिन्यातच गाठलं. म्हणाला, "कंट्री म्युझिक? ते तर टोपीवाल्या गोऱ्यांचं गाणं. ज्यांच्या बापजाद्यांनी काळ्यांना झाडाला टांगलं, त्यांची रडगाणी आपण का ऐकायची? ब्लूजवर बोल, पॉल रोबसनवर बोल." प्रश्न रोखठोक होता, मला आवडला. जिन्यात उत्तर देण्यासारखा नव्हता, म्हणून इथं सगळ्यांसमोर देतो.

आधी खरं ते मान्य करू. अलाबामाचं ते जग गोऱ्यांच्या राज्याचं होतं. बसमध्ये गोरा पुढं, काळा मागं. पाण्याचे नळ वेगळे, दवाखान्याची दारं वेगळी, मेल्यावर पुरायची जागा वेगळी. पाणी आणि मसणवटा म्हटलं की पुढचं तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. कंट्रीचं गाणं याच जगात वाढलं. १९६० च्या दशकात जॉर्ज वॉलेससारखा वर्णद्वेष्टा गव्हर्नर प्रचारसभेत आधी कंट्रीचा बँड वाजवून गर्दी जमवायचा आणि मग विष ओकायचा. हे सगळं झालेलं आहे. पण त्याच गाण्याची माती उकरायला घेतली की खाली जो माणूस सापडतो, तो पाहून वॉलेसला घाम फुटला असता. त्या माणसाकडं मी येतोच.

हँकचं पाळण्यातलं नाव हायरम. जन्म १७ सप्टेंबर १९२३. अलाबामाच्या बटलर काउंटीतली माउंट ऑलिव्ह नावाची वस्ती. बाप लॉन पहिल्या महायुद्धाला जाऊन आलेला, लाकूड कंपनीच्या रुळांवर इंजिन हाकणारा. १९३० मध्ये दुखण्यानं माजी सैनिकांच्या इस्पितळात गेला, तो पुढची कित्येक वर्षं तिथंच. पोरगं सात वर्षांचं. बाहेर मंदीचा वणवा. आई लिली, अंगानं धिप्पाड आणि स्वभावानं खमकी. तिनं भाडेकरू ठेवले, खानावळ चालवली, गाव बदलत राहिली. पोरगा रस्त्यावर शेंगा विकायचा, लोकांचे बूट पुसायचा. त्यातून पाठीच्या कण्यात जन्मापासूनची खोट, मणके नीट मिटलेलेच नव्हते. म्हणजे लाकूडतोडीला, हमालीला हे शरीर निकामी. अशा पोराला शहरातले सभ्य गोरे काय म्हणायचे? हिलबिली. डोंगरातला अडाणी. हा शब्द आज रेकॉर्डच्या वेष्टनावर गोड वाटतो, तेव्हा ती शिवी होती.

आता तो माणूस. नाव रूफस पेन. लोक त्याला टी-टॉट म्हणायचे. दारू न पिणाऱ्याला इंग्रजीत जे म्हणतात त्यावरून थट्टेनं पडलेलं नाव, कारण हा गडी चहात व्हिस्की मिसळून बरोबर बाळगायचा असं सांगतात. काळा माणूस, रस्त्यावर गाऊन पोट भरणारा. ग्रीनव्हिल, जॉर्जियाना या गावांच्या फुटपाथवर गिटार वाजवायचा आणि मागं गावभरची पोरं लागायची. त्यातलं एक पोरगं गोरं, हाडकुळं, चष्मेवालं. हँक.

या रूफस पेनचा जन्म १८८३-८४ च्या सुमारास अलाबामाच्या लाऊंड्स काउंटीत झाला. आईबाप पूर्वीचे गुलाम. लाऊंड्स हे नाव ध्यानात ठेवा, कारण त्याचा तुमच्या-माझ्याशी संबंध आहे. या काउंटीत दर पाच माणसांतली चार काळी होती आणि तरीही १९६५ च्या सुरवातीला मतदारयादीत काळ्याचं एकही नाव नव्हतं. तिथल्या काळ्या शेतमजुरांनी आणि स्टोकली कार्मायकेलसारख्या तरुणांनी मिळून स्वतःचा पक्ष काढला, लाऊंड्स काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन. लोक निरक्षर, तेव्हा मतपत्रिकेवर चिन्ह हवं. गोऱ्यांच्या पक्षाचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा. यांनी घेतला काळा पँथर. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या पोरांनी तो उचलला, ब्लॅक पँथर पार्टी झाली. आणि १९७२ मध्ये मुंबईत तो कुणी उचलला हे इथं सांगायचं म्हणजे तुमचा अपमान. आपल्या नावाचं जनावर ज्या मातीतून उठलं, त्याच मातीत हँक विल्यम्सचा गुरू जन्मला. आता त्या दोस्ताला विचारतो, हे गाणं परक्याचं?

टी-टॉटनं हँकला काय शिकवलं? शिकवणीचा मोबदला काही सेंट, नाहीतर लिलीच्या हातचं जेवण. ते ताट त्याला कुठं बसून खाऊ दिलं असेल, टेबलाशी की मागल्या दारी, याचा अंदाज तुम्हीच करा. त्यानं गिटारची धरणी शिकवली, आणि गिटारनं सूर देता देता ठेकाही कसा धरायचा ते दाखवलं. सूर सरळ धरून न ठेवता जरासा खाली ओढून मोडायचा कसा, हेही त्याच्याकडूनच. ब्लूजचं सगळं दुःख त्या मोडण्यात आहे. आणि गर्दीकडं पाठ न करता तिच्या डोळ्यांत बघून गाणं पोचवायचं. संगीत लिहिता-वाचता हँकला कधी आलं नाही. पुढं देशभर नाव झाल्यावर तो स्वतः मुलाखतीत म्हणाला की संगीताचं जे काही शिक्षण मला मिळालं ते सगळं टी-टॉटकडून. हे तो बोलला याचं श्रेय त्याला दिलं पाहिजे. ज्या काळात गोरा माणूस काळ्याला मिस्टर म्हणत नव्हता, त्या काळात गोरा गायक काळ्याला गुरू म्हणाला.

पण टी-टॉटला ते ऐकायला मिळालं नाही. १७ मार्च १९३९ ला तो माँटगोमेरीत वारला. लिंकन स्मशानात पुरला, वर साधा दगडही नाही. कबर नेमकी कुठं, हे नंतर कुणालाच सापडलं नाही. फार वर्षांनी हँकच्या मुलानं पुढाकार घेऊन स्मशानाच्या दाराशी एक स्मृतिशिला बसवली. हँकची कबर त्याच शहरात आहे, उंचच उंच, पायाशी दगडात कोरलेली टोपी.

हे एकट्या टी-टॉटचं नाही. कंट्री नावाचा धंदाच अशा हातांवर उभा आहे. १९२० मध्ये मॅमी स्मिथ या काळ्या बाईची ब्लूजची रेकॉर्ड तुफान खपली. कंपन्यांना कळलं, काळ्यांच्या खिशातही पैसा आहे. तीन वर्षांनी अटलांटाच्या फिडलिन जॉन कार्सन या गोऱ्या फिडलवाल्याची रेकॉर्ड खपली. कंपन्यांना कळलं, गावठी गोऱ्यांच्या खिशातही आहे. दोन्ही धंद्यांत राल्फ पीर हा एकच माणूस. मग यांनी दोन पेटारे केले. काळा गायला की त्या पेटाऱ्याचं नाव 'रेस', गोरा गायला की 'हिलबिली'. गिटार तीच, फिडल तीच, बऱ्याचदा गाणंही तेच. गुलामांनी आफ्रिकेतून आणलेल्या वाद्यापासून झालेला बँजो गोऱ्यांच्या पेटाऱ्यात गेला आणि काळ्याचं नाव पुसलं गेलं. गाण्याला जात नव्हती, ती कॅटलॉगनं दिली. मोजमाप करणारा, याद्या छापणारा, दुकानात कप्पे पाडणारा जो असतो, तो काय करू शकतो हे बघून ठेवा.

त्या भिंतीच्या खालून माणसं जात-येत राहिली. कंट्रीचं आद्य घराणं मानलं जातं ते कार्टर कुटुंब. त्यातला ए. पी. कार्टर डोंगराडोंगरांतून गाणी गोळा करत हिंडायचा, तेव्हा बरोबर लेस्ली रिडल नावाचा काळा गिटारवाला असायचा. सिमेंटच्या कारखान्यात अपघातात पाय गेलेला. कार्टर शब्द टिपायचा, रिडल चाल डोक्यात धरून आणायचा. रेकॉर्डवर नाव कुणाचं? कार्टरचं. कंट्रीचा बाप म्हणतात त्या जिमी रॉजर्सच्या १९३० च्या एका रेकॉर्डवर चक्क लुई आर्मस्ट्राँग ट्रम्पेट वाजवतोय. लेबलवर त्याचं नाव नाही.

आणि डिफर्ड बेली. याच्यासाठी दोन मिनिटं जास्त घेतो. नॅशव्हिलची डब्ल्यूएसएम रेडिओ एका विमा कंपनीची. नावातली अक्षरंसुद्धा कंपनीच्या घोषवाक्याची, लाखोंना संरक्षण देतो अशा अर्थाची. कामकऱ्यांना गाणं ऐकवायचं आणि पाठोपाठ दारात विम्याचा एजंट पाठवायचा. त्या रेडिओचा शनिवार रात्रीचा कार्यक्रम म्हणजे ग्रँड ओल ऑप्री, कंट्रीवाल्यांची पंढरी. १९२७ मध्ये त्याला हे नाव पडलं ते बेलीच्या वाजवण्याच्या पाठोपाठ. लहानपणी पोलिओनं अंग खुरटलेला काळा माणूस, तोंडाच्या बाजावर धावती आगगाडी उभी करायचा. दौऱ्यावर गोरे वादक हॉटेलात झोपायचे आणि याच्यासाठी काळ्या वस्तीत जागा शोधावी लागायची. १९४१ मध्ये त्याला काढून टाकलं. पुढं कित्येक वर्षं त्यानं नॅशव्हिलमध्येच लोकांचे बूट पॉलिश केले. १९८२ मध्ये वारला. हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं २००५ मध्ये. हँकचं लागलं १९६१ ला, पहिल्याच तुकडीत. हा चव्वेचाळीस वर्षांचा फरक कुणी मला समजावून सांगावा.

परत हँककडं. १९३७ मध्ये मायलेकरं माँटगोमेरीला आली. पोरानं तिथल्या एम्पायर थिएटरच्या स्पर्धेत गाणं म्हणून पंधरा डॉलर जिंकले. गाणं कशावर? डब्ल्यूपीएवर, म्हणजे मंदीत सरकारनं काढलेल्या रोजगाराच्या कामांवर. आपल्याकडच्या दुष्काळी कामांसारखं समजा. मग रेडिओ, मग बँड, मग दारूचे गुत्ते. हे गुत्ते म्हणजे हाँकी-टाँक. कारखान्यातून सुटलेली माणसं तिथं येणार, बाटल्या फुटणार, मारामाऱ्या होणार आणि त्या गोंगाटावरून गाणं पोचवायचं. महायुद्धात पाठीमुळं सैन्यात घेतलं नाही, तेव्हा मोबाइल बंदरावर जहाजांच्या गोदीत काम केलं. १९४४ मध्ये ऑड्रीशी लग्न, तेही एका पेट्रोल पंपावर. या भागात फार रेंगाळत नाही.

१९४६ मध्ये तो नॅशव्हिलला फ्रेड रोजकडं गेला. रोज आणि रॉय एकफ यांनी १९४२ मध्ये काढलेली एकफ-रोज ही गाण्यांच्या हक्कांची कंपनी. इथून हँक गीतकार म्हणून उभा राहिला. रोज शहरी माणूस, धंद्यातला मुरलेला गीतकार. हँक कागदाच्या चिटोऱ्यांवर गाणी आणायचा, रोज ती घासूनपुसून द्यायचा. यावरून काही विद्वान म्हणतात की हँकची गाणी खरी रोजनंच लिहिली. शाळा अर्धवट सोडलेल्या पोराला एवढं चांगलं कसं सुचेल, हा त्यांचा खरा प्रश्न. हा वास आपल्या ओळखीचा आहे. माझं मत सांगतो. रोजनं बांधणी पक्की केली, यात शंका नाही. पण त्याच्या आयुष्यभराच्या स्वतःच्या गाण्यांत हा आवाज कुठं सापडतो? जखम हँकची होती, टाके रोजनं घातले.

त्याच्या गाण्यात आहे काय? अवघड शब्द नाही. तिसरी शिकलेल्या मजुराला अडेल असं एक वाक्य नाही. एक साधी गोष्ट घेतो, रुसलेली बायको, रिकामं घर, रात्रीची गाडी, आणि तीन मिनिटांत संपवतो. शहाणपणा शिकवत नाही. नांगराच्या खेचरामागं चालून शेणाचा वास ज्यानं घेतला नाही त्याला असं गाता येणार नाही, अशा अर्थाचं तो एकदा म्हणाला होता. १९४९ चं त्याचं एकटेपणाचं प्रसिद्ध गाणं घ्या, 'आय अॅम सो लोन्सम आय कुड क्राय'. त्यात गोष्टच नाही. रात्र आहे, पाखरं आहेत, दूरची आगगाडी आहे. मी फार सुखवस्तू कविता वाचल्यात ज्यांत एकटेपणा हा दिवाणखान्यातला दागिना असतो. इथं तसं नाही. इथं माणूस खरोखर एकटा आहे, कारण रात्री बोलायला दुसरं कुणी नाही आणि सकाळी कामावर जायचंय.

ते गाणं ज्या तबकडीवर निघालं तिची गंमत ऐका. ते मागच्या बाजूला होतं. पुढच्या, विकायच्या बाजूला होतं 'माय बकेट्स गॉट अ होल इन इट'. हे काळ्यांच्या वस्त्यांतून फिरत आलेलं जुनं गाणं. हँकनं ते टी-टॉटकडूनच उचललं, असं सांगतात. म्हणजे गुरू आणि चेला एकाच तबकडीला पाठीला पाठ लावून बसलेत.

ज्या गाण्यानं हँक खरा मोठा झाला ते मात्र त्याचं नव्हतं. 'लव्हसिक ब्लूज', १९४९. ते लिहिलं १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन धंदेवाईक लोकांनी, एका नाटकासाठी. गाजवलं एमेट मिलर नावाच्या गोऱ्यानं, जो तोंडाला काजळ फासून काळ्याची नक्कल करायचा. तिथून फिरत ते हँकच्या हाती लागलं. खुद्द रोजला ते नको होतं. रेकॉर्ड निघाली आणि सोळा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. ११ जून १९४९ ला ऑप्रीत त्यानं ते म्हटलं तेव्हा लोकांनी पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. काळ्याकडून ब्लूज शिकलेला गोरा, काळ्याचं सोंग घेणाऱ्या गोऱ्याचं गाणं, अशा रंगमंचावर म्हणतोय जिथून आठ वर्षांपूर्वी खऱ्या काळ्याला हाकललं होतं. अमेरिका समजून घ्यायला मला दुसरं पुस्तक लागत नाही.

आता पैशाचं बोलू, कारण गीतकाराचं आयुष्य पैशाशिवाय सांगणं म्हणजे लबाडी. १९०९ च्या अमेरिकन कायद्यानं रेकॉर्डवरच्या प्रत्येक गाण्यामागं दोन सेंट ठरवून दिले होते. साधारण रीत अशी की त्यातला अर्धा हक्काच्या कंपनीला, अर्धा गीतकाराला. दहा लाख तबकड्या खपल्या तर गीतकाराला दहा हजार डॉलर. म्हणून नाव कुणाचं लागतं यावर सगळं ठरतं. १९५१ मध्ये टोनी बेनेटनं हँकचं 'कोल्ड, कोल्ड हार्ट' शहरी वाद्यवृंदावर म्हटलं आणि ते देशभर पहिलं आलं. हिलबिली म्हणून नाक मुरडणारे तेच गाणं कोट घालून आलं की गुणगुणायला लागले. १९५२ च्या 'जम्बलाया'ची चाल लुइझियानाच्या फ्रेंच बोलणाऱ्या गरीब केजन लोकांच्या जुन्या गाण्यावरून घेतलेली. तिथंही नाव हँकचं. ज्याचं नाव कागदावर चढलं त्याच्या घरी सेंट गेला. टी-टॉटच्या ओढून मोडलेल्या सुराला कायद्यात रकानाच नव्हता.

हँकला विद्रोही ठरवायची मला घाई नाही. तो विद्रोही नव्हता. संपावर, लिंचिंगवर, नळावरच्या पाटीवर त्यानं एक ओळ लिहिली नाही. तो ल्यूक द ड्रिफ्टर या दुसऱ्या नावानं उपदेशपर, बोलून म्हणायच्या रेकॉर्डी काढायचा. दुसरं नाव का? गुत्त्यातल्या ज्यूकबॉक्सचे मालक हँकच्या नावावर डोळे मिटून माल घ्यायचे, आणि प्यायला बसलेल्या गिऱ्हाइकाला प्रवचन नको. त्यातल्या एका रेकॉर्डमध्ये, १९५० साली, त्यानं स्टालिनला दम भरलाय. शब्द फ्रेड रोजचे. आपल्यातल्या डाव्या मंडळींनी ती जरूर ऐकावी, करमणूक होईल. आणि त्याच्या गाण्यातली बाई? बहुतेक वेळा दगाबाज, थंड काळजाची. ऑड्रीची बाजू त्या गाण्यांत शोधून सापडत नाही. पिऊन तर्र नवरा, त्याच्या दौऱ्यांचा हिशेब, घर, पोरं. तिनं गाणं लिहिलं असतं तर दुसऱ्याच अंगाचं निघालं असतं.

शेवटची दोन वर्षं भराभर सांगतो. पाठ जाळत होती. दारू, वेदनाशामक सुया. १९५१ च्या डिसेंबरात पाठीचं ऑपरेशन, त्यानं दुखणं गेलं नाही. १९५२ मध्ये घटस्फोट. ऑगस्टात ऑप्रीनं काढून टाकलं. ऑक्टोबरात बिली जीनशी दुसरं लग्न, आणि न्यू ऑर्लिन्सच्या सभागृहात त्याचा तिकीट लावून खेळ केला. नवरानवरी बघायला लोकांनी पैसे मोजले! बाजार माणसाला किती सोलतो बघा. भरीला टोबी मार्शल नावाचा भोंदू डॉक्टर भेटला. तुरुंगात जाऊन आलेला, पदवी खोटी. तो क्लोरल हायड्रेट लिहून द्यायचा. ओहायोतल्या कँटनला नववर्षाचा कार्यक्रम होता. बर्फामुळं विमान नाही. कॅडिलॅक, हाकायला कॉलेजचा एक पोरगा, मागच्या सीटवर कोट पांघरून हँक. १ जानेवारी १९५३ च्या पहाटे वेस्ट व्हर्जिनियातल्या ओक हिलला तो मेलेला आढळला. वय एकोणतीस.

४ जानेवारीला माँटगोमेरीच्या सभागृहात अंत्यविधी. आत दोन-तीन हजार, बाहेर मिळून पंधरा ते पंचवीस हजार माणूस होतं म्हणतात. काळेही आले होते. त्यांना वरच्या सज्जात बसवलं, वेगळं. आणि व्यासपीठावर गोऱ्या दिग्गजांच्या बरोबरीनं एका काळ्या चौकडीनंही भजन म्हटलं. मयताला काळ्यांचा आवाज हवा होता, शेजारची खुर्ची द्यायची नव्हती.

त्याच शहरात, तीन वर्षंही झाली नव्हती, १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स बसमधल्या जागेवरून उठली नाही. तिला अटक झाली ती एम्पायर थिएटरसमोरच्या थांब्यावर. होय, तेच थिएटर, जिथं हँकनं पंधरा डॉलर जिंकले होते. तिथं एक पाटी उभी आहे. एका बाजूला रोझा पार्क्स, दुसऱ्या बाजूला हँक विल्यम्स. नगरपालिकांना कधी कधी आपण काय लिहून बसलो ते कळत नाही.

मागं काय राहिलं? भांडणं राहिली. तो मेल्यावर पाचव्या दिवशी, एका तिसऱ्याच बाईच्या पोटी त्याची मुलगी जन्मली. त्यानं जिवंत असताना तिच्यासाठी करार करून ठेवला होता. आजीनं, लिलीनं तिला दत्तक घेतलं. पण १९५५ मध्ये लिली गेली आणि पोर परक्या घरात दिली गेली, बापाचं नाव न सांगता. मोठी झाल्यावर तिला कळलं. कोर्टात लढली आणि १९८९ मध्ये तिचा हक्क मान्य झाला. जेट विल्यम्स. अठ्ठावीस वर्षांनी गाण्यांचे हक्क नव्यानं नोंदवायचा कायदा होता, त्या नोंदणीतला वाटा हे भांडणाचं मूळ. २०१० मध्ये पुलित्झरवाल्यांनी हँकला मरणोत्तर गौरवलं.

पण खरा वारसा मला दुसरीकडं दिसतो. १९६२ मध्ये रे चार्ल्सनं, जॉर्जियातल्या आंधळ्या काळ्या गायकानं, कंट्रीच्या गाण्यांची अख्खी तबकडी काढली. कंपनीतली माणसं घाबरली होती. त्यात हँकचं 'यू विन अगेन' आहे. टी-टॉटकडून गेलेली वस्तू व्याजासकट परत आणल्यासारखा तो ते गातो. मिसिसिपीच्या स्लेज गावचा चार्ली प्राइड, वाटेकऱ्याचा पोरगा, कापूस वेचत वाढला आणि बापाच्या रेडिओवर ऑप्री ऐकत राहिला. १९६६ मध्ये त्याच्या पहिल्या रेकॉर्डी कंपनीनं फोटो न छापता रेडिओवाल्यांकडं धाडल्या, आधी गाणं आवडू दे मग कातडं दिसू दे म्हणून. हँकचं 'कॉ-लायजा' त्यानं गाजवलं. १९७१ मध्ये कंट्रीवाल्यांनी त्यालाच वर्षाचा श्रेष्ठ कलाकार निवडलं. २०२० मध्ये तो गेला.

पेटारे मोडलेत असं समजू नका. २०१९ मध्ये लिल नॅस एक्स या काळ्या पोराचं 'ओल्ड टाउन रोड' बिलबोर्डनं कंट्रीच्या यादीतून काढून टाकलं. कंट्रीचे पुरेसे गुण नाहीत म्हणे. शंभर वर्षं झाली तरी यादी छापणाराच ठरवतोय. मग २०२४ मध्ये बियॉन्सेनं 'काउबॉय कार्टर' काढला आणि २०२५ मध्ये सर्वोत्तम कंट्री अल्बमचं ग्रॅमी घेतलं. काळ्या कलाकाराला ते पहिल्यांदा मिळालं. अब्जाधीश बाईचा विजय तो कापूस वेचणाऱ्याचा विजय होतो का, यावर आपण चहा पिताना भांडू.

माझं बोलणं इथं थांबवतो. दोन्ही गाणी आणली आहेत. आधी 'बकेट' लावतो. त्यात गिटारचा ठेका ऐका आणि सूर कुठं मोडतो ते पकडा. मग तबकडीची मागची बाजू. त्यानंतर रे चार्ल्स. जिन्यातल्या दोस्ता, तू पुढं येऊन बस. आवाज जरा कमी आहे या यंत्राचा.